लांकडी चकती आणि दोन रुपये: भावनाम संवत्सराच्या दुष्काळाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा माउलीचे पायीं मस्तक ठेवून, आणि ज्या राज्याचें अन्न खाल्लें त्या राज्याविषयीं खोटें न लिहावें ऐसी लेखणीस शपथ घालून, घडलें वर्तमान लिहितों तें येणेंप्रमाणें. शके सोळाशें शहात्तर, भावनाम संवत्सर, ते वर्षीं मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, आणि पुष्याचे दोन शिंतोडे पडोन आभाळ ऐसें मोकळें जाहलें कीं जैसें आमचें त्याचें काहीं नातेंच नव्हतें. राज्यावर तेव्हां श्रीमंत अंबिकाबाईसाहेब होत्या. धनी कैलासवासी होऊन चार वर्षें लोटलीं होतीं आणि गादीचा कारभार बाईसाहेब जातीनें पाहत. दिवाण भगवंतराव हे थोर अनुभवाचे, बोलणें मोजकें, आणि सरकारी अंबारखान्याच्या किल्ल्या त्यांचे कमरेस असत. त्यांणीं भाद्रपदांत अंबारखाने तपासोन विनंति केली कीं, साहेब, जपून खाल्लें तर फाल्गुन अखेर धान्य पुरेल, पुढें पाऊस येईपर्यंत तीन महिने देवाचे. मग बाईसाहेबांनीं विचारिलें कीं, दुष्काळाचे कामावर माणूस कोण नेमावा, आणि दिवाणांनीं दोन मातबर नांवें सांगितलीं, तीं बाईसाहेबांस रुचलीं नाहींत, आणि त्यांणीं कचेरींतील जनार्दनपंत कारकुनाचें नांव घेतलें, तेव्हां सदरेवर कोणास हंसूं आवरेना. कारण जनार्दनपंत म्हणजे चाळिशीचे आंतबाहेर, अंगानें वाळके, आणि स्वभावाचे ऐसे काळजीखोर कीं घरास कडी घालून निघाले तरी अर्ध्या वाटेवरून कडी पाहावयास माघारे जात. आम्ही त्याच कचेरींत होतों आणि त्यांची थट्टा आम्हीही केली आहे. परंतु बाईसाहेब म्हणाल्या, "ज्यास काळजीच वाटत नाहीं त्यास दुष्काळावर नेमून काय करावें?" आणि पंतांस नेमणुकीचीं वस्त्रें दिलीं. पंतांणीं वस्त्रें घेतलीं आणि दाराबाहेर जाऊन तीं दोनदां मोजिलीं हें आम्हीं डोळां पाहिलें.

प्रथम मसलत दिवाणांची चालली. ते म्हणाले, "बाजारीं जोंधळा रुपयास आठ पायल्या जाहला आहे, तो सरकारी दुकानीं सोळा पायल्या द्यावा, उणें पडेल तें सरकारानें सोसावें. प्रजेस हात पसरावा लागत नाहीं आणि सरकारास कोणाचें दारिद्र्य मोजीत बसावें लागत नाहीं." बोलणें सरळ होतें आणि सर्वांस पटलें. मग आश्विन शुद्ध पंचमीस नदीकाठच्या पेठेंत सरकारी दुकान मांडिलें, दवंडी पिटली, आणि पहिले दिवशीं ऐसी गर्दी लोटली कीं शिपायांस काठ्या आडव्या धराव्या लागल्या. पंत रोज दुकानासमोर जाऊन बसत आणि कोण येतो, किती नेतो हें पाहत. चौथे दिवशीं त्यांचे ध्यानांत आलें कीं, रांगेच्या बाहेर, वडाच्या पारास टेकून एक बाई रिकामी पाटी घेऊन बसते आणि दिवस कलला कीं रिकामी पाटी घेऊन जाते. तिचें नांव कोंडाबाई, जातीची साळीण, वय पन्नाशीचें, नवरा वारलेला, लेक पोटामागें परमुलखीं गेलेला, आणि घरीं सून सातव्या महिन्याची. घरीं माग होता, परंतु दुष्काळांत लुगडें कोण घेतो? म्हणोन श्रावणापासोन माग बंद होता. पंतांणीं तीस विचारिलें, "बाई, धान्य निम्मे भावानें मिळतें, मग रांगेंत कां राहत नाहीं?"

ती म्हणाली, "पंत, निम्म्या भावाचं घ्यायला निम्मा भाव तर गांठीला हवा. माझ्याकडे पाव भावबी नाही. बघायला येते. धान्य डोळ्यांना दिसतं, तेवढंच."

त्या दिवशीं पंतांस जेवण गेलें नाहीं. मग त्यांणीं दुकानाची मागील बाजू पाहिली, तों तेथें निराळाच प्रकार. ज्यांचे घरीं दोन सालांची बेगमी होती ते आपले गडी दहा दहा वेळां रांगेंत पाठवीत, आणि दुकानाचा मापारी मागील दारानें गाड्या भरोन देई, आणि त्या गाड्या जात कोठें म्हणोन पंत पायीं मागें गेले, तों त्या नावेच्या तरीवरून नदीपार परराज्यांत उतरत होत्या, कारण तेथें भाव रुपयास चार पायल्या होता. पंतांणीं तरीवर एके सकाळीं चौदा गाड्या मोजिल्या, आणि पोत्यांवर सरकारी मोहर तशीच. मग ते धांवत सदरेस गेले आणि म्हणाले, "साहेब, आपण गरिबाचे नांवें धान्य स्वस्त केलें, परंतु जो अधिक घेऊं शकतो त्यासच अधिक स्वस्त जाहलें. ज्यास काहींच घेतां येत नाहीं त्याचे पदरीं काहींच पडलें नाहीं. आणि अंबारखाना फाल्गुनाऐवजीं पौषांतच रिकामा होईल." दिवाणांणीं मापाऱ्यास कैद केला, पहारे बसविले, तरी गाड्या थांबेनात, तेव्हां पंचविसावे दिवशीं दुकान बंद केलें. बंद केलें त्या दिवशीं पेठेंत लोक छाती पिटीत फिरले, कारण वाईट दुकान असलें तरी दुकान होतें, आणि आतां तेंही नव्हतें.

मग बाईसाहेबांनीं आज्ञा केली कीं, जो गरीब त्याचेच हातीं धान्य पडावें ऐसी तजवीज करा. दिवाणांनीं तजवीज केली ती चकत्यांची. शिवणीच्या लांकडाच्या रुपयाएवढ्या चकत्या सुतारांकडोन करविल्या, त्यांवर लाखेचा शिक्का उमटविला, आणि एक चकती दिली म्हणजे नेमलेल्या वाण्यानें एक पायली जोंधळा द्यावा, वाण्यानें चकत्या सरकारांत आणोन आपलें मोल घ्यावें, ऐसा ठराव जाहला. गरीब कोण याची याद करावयाचें काम पंतांकडे आलें, आणि पंत घरोघर फिरले, चुलीची राख हातानें चांचपून पाहिली, आणि याद केली, तींत साळ्यांचे आळींत पहिलें नांव कोंडाबाईचें. खरें लिहावें तर या रीतीनें पुष्कळ माणूस वांचलें. मार्गशीर्ष आणि पौष दोन महिने पेठेंत भुकेनें कोणी मेलें नाहीं, आणि चकती नदीपार कोणी नेली नाहीं, कारण परराज्यांत त्या लांकडास कोण विचारतो? परंतु नेमलेला वाणी सखाशेट यानें पाहिलें कीं चकतीवाल्यास दुसरे दुकानीं जातां येत नाहीं, तेव्हां तो चार शेरांच्या पायलीस अर्धा शेर उणें भरूं लागला, आणि उरलेल्यांत किडका दाणा मिसळूं लागला, आणि कोणी बोललें तर म्हणे, "नको तर राहूं द्या, लांकूड चुलींत घाला." पंतांणीं त्यास दोन वेळां दंड केला आणि त्यानें दोन्ही वेळां दंड भरोन तेंच चालविलें.

याउपर पौष वद्यांत ऐसें जाहलें कीं, शिपायांनीं कोंडाबाईस धरोन चावडीस आणिलें. आरोप हा कीं तिनें तीन चकत्या बाजारांत एका उदम्यास दीड पायलीच्या मोलानें विकल्या. चकती विकावयाची नाहीं, विकील त्याचें नांव यादींतून खोडावें, ऐसा दिवाणांचा हुकूम होता. पंतांणीं विचारिलें, "बाई, तीन चकत्या देऊन दीडीचें मोल घेतलेंस, तुझीच लूट तूं करविलीस. ऐसें कां केलेंस?"

कोंडाबाई म्हणाली, "सून बाळंत झाली, पंत. मुलगी झाली. बाळंतिणीला काय नुसता जोंधळा घालूं? गूळ हवा, तेल हवं, ओवा हवा, सुईणीच्या हातावर काही ठेवायला हवं. सखाशेट चकतीला तेल देत नाही. म्हणून विकल्या."

"सरकारांत अर्ज करावा होतास."

"आणि अर्जाचा निकाल लागेस्तोवर सुनेनं बाळंत व्हायचं थांबायचं?" ऐसें म्हणोन ती खालीं बसली, आणि मग हळूच बोलली, "रागावूं नका. सरकारनं आमच्या पोटाची काळजी घेतली, खोटं कशाला बोलूं. पण आमचं शहाणपण काढून सरकारजवळ ठेवून घेतलं. पोटाला काय हवं ते मला कळतं, पंत. पन्नास वर्षं तेच करतेय."

तरी पंतांवर हुकूम होता. त्यांणीं लेखणी घेतली आणि आपले हातानें तिचें नांव खोडिलें. साळ्यांचे आळींतील प्रत्येक घरानें मग त्या बाळंतिणीस मूठमूठ जोंधळा दिला आणि त्यावर ती माय आणि तें लेकरूं तगलें. पंतांची स्त्री गूळ आणि तेल घेऊन गेली, तें पंतांणीं सांगितलें म्हणोन कीं न सांगतां, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरे दिवशीं पंत सदरेस उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, गरिबाचे हातीं रोख रुपया द्यावा." सदरेवर एकच गलका जाहला. दिवाण म्हणाले, "रुपया दिला कीं कलालाचे घरीं जाईल. सायंकाळीं पितील आणि सकाळीं पुन्हां हात पसरतील." त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "दिवाणजी, आपल्या सरदारांस आम्ही रोख मुशाहिरा देतों, त्यांतील कलालाकडे काय जातें हें आम्हीं कधीं पुसलें नाहीं." तेव्हां सदर हंसली, आणि दिवाणही थोडे हंसले, कारण माणूस मनाचा वाईट नव्हता. मग ठरलें कीं नदीकाठच्या पेठेंत यादींतील प्रत्येक घरास दरमहा दोन रुपये रोख द्यावे, आणि खोडिलेलीं नांवें पुन्हां लिहावीं.

माघ शुद्धांत पहिले रुपये वांटले. पंत बारा दिवस कोणी काय घेतलें हें पाहत फिरत होते आणि त्यांचे तोंडास अन्नाची चव नव्हती. काहीं दोघेचौघे प्यायले, हें खरें. परंतु बाकी पेठेनें जोंधळा घेतला, मीठ घेतलें, तेल घेतलें, आणि सखाशेटीचें दुकान ओस पडलें, कारण रुपया कोठेंही चालतो, तेव्हां त्यानें आपणहून माप पुरें केलें आणि दाणा निवडोन ठेविला. जें दोन दंडांनीं जाहलें नाहीं तें गिऱ्हाईक फिरल्यानें जाहलें. कोंडाबाईनें सव्वा रुपयाचा दाणा भरिला आणि उरलेल्याचें सूत आणोन जाडी पासोडी विणावयास घेतली, आणि श्रावणापासोन मुका असलेला तिचा माग वाजूं लागला. आणि सर्वांत नवल हें कीं, आश्विनांत ज्या तरीवरून धान्य नदीपार गेलें त्याच तरीवरून आतां परराज्याचे व्यापारी धान्याच्या गाड्या इकडे उतरवूं लागले, कारण तिकडे दूरचा दाणा येऊन भाव पडला होता आणि इकडे आतां घेणाऱ्याचे हातीं रुपया होता. सरकारी दुकान बंद जाहल्यावर भाव चढला होता तो उतरोन रुपयास नऊ पायल्या जाहला. तेव्हां पंत कितीएक दिवसांनीं पोटभर जेवले, आणि कचेरींत एके दिवशीं त्यांणीं विनोद केला, तो कोणास कळला नाहीं, तरी सर्व हंसले.

मग बाईसाहेबांनीं त्यांस एकांतीं बोलाविलें आणि विचारिलें, "हीच रीत सर्व राज्यांत लावावी म्हणतां. डोंगरतर्फेसही चालेल?" डोंगरतर्फ म्हणजे घाटापलीकडील चाळीस वाड्या, महादेव कोळ्यांची वस्ती, वाट अवघड, गाडी चढत नाहीं. पंत जन्मांत कधीं तेथें गेले नव्हते. जो माणूस घरची कडी दोनदां पाहत असे त्यानें त्या दिवशीं, सुख जाहलेल्या मनानें, एका शब्दांत जबाब दिला. म्हणाले, "चालेल." बाईसाहेबांनीं मोहर केली, आणि फाल्गुनांत रुपयांच्या थैल्या घोड्यांवरून घाट चढल्या.

थैल्या गेल्यावर पंतांस आठ दिवस बरें वाटलें, आणि नववे दिवशीं काळजीनें धरिलें. डोंगरतर्फेकडोन कागद येईना. ज्यास त्यास पुसत, "तिकडे पेठ कोणती? धान्य कोठून चढतें?" आणि कोणास नीट सांगतां येईना. तेव्हां चैत्र शुद्ध तृतीयेस ते दोन शिपाई घेऊन स्वतां निघाले आणि चार दिवसांनीं घाट चढोन पहिल्या वाडीस पोंचले. वाडींत कुत्रें भुंकलें नाहीं. माणसें दारांत बसलेलीं, पाय सुजलेले, आणि चुलीवर रानचे कडू कांदे सात पाण्यांत उकडत ठेविलेले. वाडीचा नाईक गोमा, साठ वर्षांचा, उंच, तो उठोन उभा राहिला आणि पंतांस मुजरा करूं गेला तों झोंक जाऊन भिंतीस टेकला. पंतांणीं विचारिलें, "नाईक, सरकारचे रुपये पोंचले नाहींत काय?"

गोमानें कनवटीचे दोन रुपये सोडोन पंतांचे हातावर ठेविले. म्हणाला, "पोचलं. येक बी कमी न्हाई. सरकारचा मानूस इमानी. पर पंत, ह्ये चावाया येत न्हाई."

"मग धान्य घेतलें कां नाहीं?"

"कुनाकडनं घ्यावं? घाटमाथ्याला येकच दुकान, बाळशेटीचं. रुपये यायच्या आदी रुपयाला दोन पायल्या देत व्हता. रुपये आलं त्या दिशी येक पायली. आठ दिसांनी तीन शेर. आता दार लावून बसलाय, म्हनतो उद्या बघू." आणि मग तो थांबला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "म्हातारी बायकू परवा गेली माजी. तिच्या वाटनीचं पन येक पायलीभर आनलं आसतं, तिनं घेऊ दिलं न्हाई. म्हनली रुपये पोरांस्नी ऱ्हाऊ द्या."

पंत तेथेंच धुळींत बसले. शिपाई म्हणाला, "पंत, उठावें," तरी उठेनात. मग एकाएकीं उठोन ते बाळशेटीचे दुकानास गेले आणि दार ठोकिलें, आणि क्रोधानें बोलिले कीं तुझे दुकानावर जप्ती आणितों. बाळशेट थकलेला माणूस होता, त्याचे घरींही चार तोंडें. तो म्हणाला, "आणा जप्ती. आंत बारा खंडी दाणा आहे आणि डोंगरांत चार हजार तोंडें. किती दिवस पुरेल तुम्हीच सांगा. पंत, भाव मी चढविला नाहीं, तुमच्या रुपयांनीं चढविला. धान्य तेवढेंच, रुपया मात्र घरोघर. ज्याच्याकडे आधीं चार रुपये होते त्याला आतां सहा झाले, त्यानें पोतीं उचललीं. ज्याला दोनच मिळाले तो मागें राहिला." पंतांणीं पेठेंत पाहिलें होतें कीं रुपयामागें धान्य येतें, परंतु तें तरीवरून आणि गाडीवरून आलें होतें, आणि येथें ना नावेची तर होती ना गाडीची वाट.

राजधानीस कागद जावयास चार दिवस आणि हुकूम यावयास चार, आणि वाडीवाडींतून रोज मयताची बातमी. त्यांत शिपायानें सांगितलें कीं, घाटाखालीं लमाणांचा तांडा उतरला आहे, सहाशें बैल, पाठीवर जोंधळा, किल्ल्याच्या शिबंदीची, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेची, रसद आहे. हें ऐकतांच पंत घाट उतरले. तांड्याचा नाईक हेमला लमाण, दाढी पांढरी, हातांत चांदीचें कडें, तो बैलांस पाणी दाखवीत होता. पंत म्हणाले, "नाईक, हा माल किल्ल्यास न नेतां घाट चढवावा."

हेमला म्हणाला, "किल्ल्याची चिठ्ठी आहे, पंत. रसद चुकली तर किल्लेदार माझा गळा कापेल."

"मी चिठ्ठी देतों."

"सरकारी मोहर आहे तुमच्याजवळ?"

"मोहर नाहीं. माझें नांव लिहून देतों. रसद जनार्दनानें आपले जोरावर फिरविली, हेमल्याचा दोष नाहीं, ऐसें लिहितों. गळा कापावयाचा तर माझा कापतील."

हेमल्यानें मान वर करून घाट न्याहाळिला. मग म्हणाला, "घाट बैलांना जड आहे. पांच-सहा मरतील."

"वर माणसें मरतात."

"लिहा," ऐसें हेमला म्हणाला, आणि पंतांणीं बैलाचे पाठीचें पोतें मेज करून कागद लिहिला, आणि जे वस्त्रें दोनदां मोजीत त्यांणीं तो कागद दुसऱ्यानें वाचलाही नाहीं ऐसें हेमल्यानें पुढें कचेरींत सांगितलें. मग सहाशें बैल घाट चढूं लागले. वाट एका बैलाची, एका अंगास कडा आणि एका अंगास दरी. दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या आणि नऊ बैल दरींत गेले. तांडा माथ्यावर दिसला तेव्हां गोमा नाईक वाडीबाहेर येऊन उभा राहिला आणि पहिल्या बैलाचे मानेवर हात ठेवून बरोबर चालूं लागला.

पंतांणीं पांच दिवस धान्य फुकट वांटलें, ज्यांस चालवत नाहीं त्यांस पेज करून घरीं पाठविली. सहावे दिवसापासोन रुपयास आठ पायल्यांनीं विकूं लागले, घरास दोन रुपयांवर नाहीं, म्हणजे घरोघर निरुपयोगी पडलेल्या रुपयाचें धान्य जाहलें आणि तोच पैसा घेऊन तांडा पुन्हां खालीं जाऊन दाणा आणूं लागला. बैल दिसतांच बाळशेटीचें दार आपसूक उघडलें आणि भाव उतरला. तरी जीं माणसें फार खचलीं होतीं तीं अन्न समोर असतांही जात राहिलीं, आणि पंत वाडीवाडी फिरत त्यांचीं नांवें विचारीत.

इकडे किल्ल्यावर रसद पोंचली नाहीं म्हणोन शिबंदी बिथरली आणि किल्लेदारानें तक्रार लिहिली, आणि वैशाखांत पंतांस बोलावणें आलें. सदर भरली. दिवाण उभे राहोन म्हणाले, "साहेब, सरकारी रसद मोहरेवांचोन फिरविली. उद्यां किल्ला गेला असता तर? ऐसा पायंडा पडला तर राज्य राहणार नाहीं." बोलणें खोटें नव्हतें. बाईसाहेबांनीं पंतांस विचारिलें, "काय म्हणणें आहे?"

पंत म्हणाले, "रसद फिरविली, कबूल. शिक्षा द्यावी. परंतु तो माझा लहान अपराध. मोठा अपराध आपण पुसला नाहीं. आपण विचारिलेंत, डोंगरतर्फेसही चालेल? आणि मी न पाहतां चालेल म्हणालों."

मग बाईसाहेब म्हणाल्या, "तीन रीती करून पाहिल्या. आतां सांगा, खरी कोणती? पुढें दुष्काळ पडला तर काय करावें?"

पंत म्हणाले, "साहेब, स्वस्त दुकान मांडलें तें ऐपतीच्या माणसानें लुटलें. चकतीनें गरीब वांचला, परंतु तो वाण्याचे मुठींत सांपडला. रुपयानें गरिबास त्याची अक्कल परत दिली, परंतु जेथें दाणाच नाहीं तेथें रुपयानें भाव मात्र चढविला. एकच रीत लिहून द्या म्हणाल तर मजपाशीं नाहीं. आधीं जाऊन पाहावें. बाजारांत दाणा आहे आणि गरिबाचे हातीं पैसा नाहीं, तर पैसा द्यावा. दाणाच नाहीं, तर दाणा न्यावा. आणि दाणा नेतां यावा यासाठीं आधींच्या सुकाळांत वाट करून ठेवावी. याहून मला काहीं कळत नाहीं. आणि हें कळावयास मी जीं माणसें खर्चिलीं तीं माझीं नव्हतीं."

बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हीं एक शब्द बोललांत आणि मी त्या एका शब्दावर मोहर केली. तो शब्द दोघांचा." मग निवाडा सांगितला तो ऐसा कीं, रसद फिरविली म्हणोन जनार्दनपंतांस कचेरींतून दूर करावें, आणि डोंगरतर्फेचा अंमल त्यांचेकडे द्यावा, आणि किल्ल्याची शिबंदी जितके दिवस अर्धे शिध्यावर राहील तितके दिवस सरकारवाड्याचा मुदपाकही अर्धा शिजावा. दिवाण भगवंतराव सदर उठल्यावर पंतांजवळ आले आणि म्हणाले, "मी बोललों तें राज्यासाठीं बोललों." पंत म्हणाले, "जाणतों. आपण न बोलतां तर मला भय वाटलें असतें."

मग ज्येष्ठांत आभाळ आलें आणि गेलें, आणि पुन्हां आलें, आणि लोक मान वर करावयास भीत होते, आणि मृगाचे नवव्या दिवशीं पाऊस लागला तो लागला. पंत डोंगरांत सात वर्षें राहिले. त्यांणीं गोमा नाईकास घेऊन कोळ्यांकडोन घाट फोडविला, मजुरी निम्मी दाण्यांत आणि निम्मी रुपयांत दिली, आणि तिसरे वर्षीं प्रथम गाडी माथ्यावर चढली. पाऊस आठ दिवस लांबला तरी ते आजारी पडत, आणि त्यांस कोणी हंसत नसे.

सारांश, त्या साली नदीकाठच्या पेठेंत भुकेनें माणूस मेलें नाहीं, आणि डोंगरतर्फेस एकेचाळीस मेलीं. पंतांनीं सर्वांचीं नांवें लिहून दप्तरीं ठेविलीं आहेत. त्या एकेचाळिसांपैकीं सत्तावीस जणांचे घरीं सरकारचे दोन रुपये तसेच, फडक्यांत गांठ मारोन ठेविलेले मिळाले. जें जाहलें तें लिहिलें.